उघड बघू

धोंडीआप्पा माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, थेट तोंडात बघतात. लोणीत स्टँडसमोर त्यांचं चहाचं हॉटेल आहे, आणि तिथे येणाऱ्या माणसांची ओळख ते दातांवरून ठेवतात. नाव विसरतील, गाव विसरतील, पण वरच्या ओळीतला डावा सुळा आडवा आहे हे विसरणार नाहीत. कुणी बऱ्याच वर्षांनी मुंबईहून येतो, पाया पडतो, ओळखलं का म्हणून विचारतो. आप्पा गोंधळतात. मग त्याच्या हनुवटीला अंगठा लावून म्हणतात, "उघड बघू." तो बिचारा भर स्टँडवर तोंड उघडतो आणि आप्पांचा चेहरा उजळतो. "आरं, तू बाळूचा धाकला न्हवं का?"

मी एकदा कॉलेजला जाताना तोंडाला ओढणी बांधून त्यांच्या शेजारून गेले. सगळ्या स्टँडने मला चालण्यावरून ओळखलं. आप्पांनी नाही.

ही सवय त्यांना मेंढरांनी लावली. आमच्या घरासारखंच त्यांचंही घर मूळचं मेंढपाळाचं. मेंढराचं वय दातांवरून कळतं. दोन पक्के दात आले की दोनदाती, पुढे चौदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेलं. आप्पा तरुणपणी चाकणच्या बाजारात मेंढरं पारखायला जायचे. खालचा ओठ अंगठ्याने ओढायचा, एक नजर टाकायची, वय सांगायचं, सोडून द्यायचं. पुढे मेंढरं विकली, हॉटेल टाकलं, पण अंगठा बाजारातच राहिला.

"दात म्हंजी माणसाचा सातबारा," असं ते म्हणतात. "बाकी माणूस सांगतो ते समदं तोंडी. लेखी फकस्त दात."

गावात नवे तलाठी आले तेव्हा पहिल्याच चहाला आप्पांनी त्यांचा सातबारा वाचला. भाऊसाहेब कशावर तरी मोकळेपणाने हसले होते. आप्पा बशी पुसता पुसता गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेब, खालच्या गटावर लई बोजा चढलाय तुमच्या. उतरवून घ्या." हॉटेलातली माणसं हसली, भाऊसाहेब उठून गेले. त्यानंतर आप्पांच्या जमिनीच्या नोंदीचं काम बरेच महिने रखडलं. आप्पांना अजूनही वाटतं की सर्व्हर डाऊन होता.

अशा माणसाला कबड्डीचंही वेड असावं, हे आमच्या गावातल्या पोरांचं नशीब. आप्पा गावच्या संघाचे वस्ताद आहेत. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही. पूर्वी ते पोरांना नुसते पकडीचे डाव सांगायचे. मग एका पोराने बाहेरगावच्या स्पर्धेतून येताना रबराचं माउथगार्ड आणलं. ते दातांवर बसवलं की मार लागला तरी दात वाचतो, एवढंच तो म्हणाला. आप्पांनी ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं, उजेडात धरलं, आणि बराच वेळ उलटंसुलटं करत राहिले. भज्याचा घाणा करपला, एवढं मला आठवतं.

आप्पा त्याला 'मौतगार्ड' म्हणतात. मी एकदा भीत भीत सांगितलं की आप्पा, माउथ, मौत नव्हे. ते म्हणाले, "विंग्रजीत तोंडाला मौतच म्हणत्यात. तू अजून दुसऱ्याच वर्षाला हाईस." गाव मात्र त्याला मुसकं म्हणतं. मळणीच्या बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात, तसं. काही म्हातारे कवळी म्हणतात. "तरण्याताठ्या पोरांना कवळ्या लावल्या धोंडीनं," असं पारावर बोललं जातं.

मौतगार्ड निवडायचं कसं, यावर आप्पांचं एक भाषण आहे. ते सगळ्या गावाला पाठ आहे, कारण चहाबरोबर ते फुकट मिळतं. मौतगार्ड तीन जातींचं. पहिलं तयार. ते म्हणजे बाजारातली चप्पल, पायाला बसली तर बसली. तोंडात धरून ठेवायला दात आवळावे लागतात, मग माणूस खेळणार कधी. दुसरं गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचं. ते म्हणजे कासाराकडचा चुडा, हात दाबून, वळवून, त्याच मनगटासाठी भरलेला. तिसरं दातांच्या डॉक्टरकडे माप देऊन करून घ्यायचं. ते म्हणजे सोनाराचं काम. "सगळ्यात चांगलं तिसरंच," हे आप्पा प्रामाणिकपणे कबूल करतात, आणि पोरांना दुसरंच घ्यायला लावतात. कारण तिसऱ्यात आप्पांना काही काम नसतं.

बसवायचं काम हॉटेलातच. शेगडीवर दोन पातेली असतात, एक चहाचं आणि एक दातांचं. दोन्ही एकाच आकाराची आणि सारखीच काळी. पाणी खळखळून उकळवायचं, उतरवून जरा निवू द्यायचं, मग त्यात रबर सोडायचं. मऊ झालं की झाऱ्याने उचलायचं, गार पाण्यात नुसतं दाखवायचं आणि पोराच्या वरच्या दातांवर चढवायचं. "चाव. लई न्हाई, बेताबेतानं. आता चोख. वारा आत वढ. जीभ वर." पोरगं चोखत असतं आणि आप्पा बाहेरून त्याचे ओठ, गाल बोटांनी दाबत असतात, कुंभाराने मडक्याला आकार द्यावा तसे. शेजारच्या टेबलावर एखादा ट्रकवाला मिसळीचा घास हातात तसाच धरून हे बघत राहतो. काही लोक त्यामुळे आमच्याकडे थांबत नाहीत, सरळ पुढे आळेफाट्याला जाऊन चहा पितात.

एकदा पातेल्यांची अदलाबदल झालीच. पोराचं मौतगार्ड दुधाच्या उकळत्या चहातून तपकिरी होऊन निघालं. त्याला आल्याचा वास जन्मभर राहिला. त्या पोराची चढाई जोरात झाली की लोक म्हणायचे, पेशल दम हाय. दुसऱ्या पातेल्याचं पाणी ज्यांच्या चहात गेलं, त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल की आप्पा म्हणजे दातांचे संत आहेत. गुटखा खाणाऱ्या पोराला ते मौतगार्ड बसवून देत नाहीत. तोंड उघडायला लावतात, लाल दात दिसले की सगळ्यांसमोर हाकलून देतात. आणि त्यांच्याच हॉटेलच्या दाराला त्याच पुड्यांच्या माळा लटकत असतात. मी हे त्यांना विचारलं होतं. त्यांनी माळ हाताने जरा बाजूला सारली, जणू तिला ऐकू जाऊ नये, आणि म्हणाले, "धंदा येगळा, दात येगळं."

माझा यात संबंध आला तो कॉलेजमुळे. मी मंचरला बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तिथे मला कबड्डीच्या संघात घेतलं आणि मी चढाईला जाऊ लागले. घरी कुणाला त्याचं काही नव्हतं. मग एका सामन्यात आमच्या संघातल्या एका मुलीचा पुढचा दात समोरच्या मुलीच्या कोपराने पडला. ती बातमी माझ्या आधी घरी पोहोचली. वडील, म्हणजे दादा, कांद्याच्या वाफ्यात उभे होते. ते ओरडले नाहीत. खुरपं बांधावर ठेवून म्हणाले, "उद्या तुला बघायला येतील, तवा काय दावायचं आमी? कप?"

मी कॉलेजात जे शिकते त्यात याचं उत्तर असायला हवं होतं, पण नव्हतं.

दादांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. पुढे म्हणाले की खेळासाठीच एवढ्या लांब जायचं असेल तर कॉलेजचंही बघावं लागेल. ते 'बघावं लागेल' मला दातापेक्षा जास्त लागलं. मी आप्पांकडे गेले. आप्पांनी हॉटेल तसंच सोडलं आणि माझ्याबरोबर वाफ्यावर आले. दादांना म्हणाले की पोरीचे दात मी माझ्या अंगावर घेतो, एक जरी हलला तरी मला येऊन विचार. दादांनी कांद्याची एक अख्खी ओळ खुरपली. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. पर एक दात हलला की समदं बंद." आप्पा परत येताना फार खुशीत होते. मला धीर देत म्हणाले, "घाबरू नगं मने, तुझं समदं जुळल्यालं हाय." मेंढरासाठी यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

दुसऱ्या दिवशी मी मौतगार्ड बसवून घ्यायला हॉटेलात गेले. पाणी उकळलं होतं, गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून बसली होती. आप्पांनी अंगठा अर्धा उचलला आणि पुन्हा खाली घेतला. मग आत बघून हाक मारली, "हौसा, हिचं तू बघ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आप्पा बायकांना 'उघड बघू' कधीच म्हणत नाहीत. आम्ही बोलताना, हसताना जेवढे दिसतात तेवढेच दात चोरून बघून घेतात. मला हसूच आलं. गावातल्या सगळ्या बापईगड्यांच्या जबड्यात हात घालणारा, तलाठ्यालासुद्धा न सोडणारा माणूस एका पोरीपुढे हात मागे घेतो. मी मैत्रिणींना कॉलेजात त्याची नक्कल करून दाखवली. सगळ्या खूप हसल्या.

हौसाकाकी म्हणजे आप्पांची बायको. हॉटेलची भजी, मिसळ सगळं तिच्या हातचं. ती आत शेगडीमागे बसते आणि पदराची कड कायम ओठांवर धरून असते. एका हाताने भजी सोडते, दुसऱ्या हातात पदर. तिचं हसणं आम्ही लहानपणापासून ऐकलंय, बघितलेलं नाही. तिने हात धुतले, दोन बोटांनी ते रबर माझ्या दातांवर बसवलं आणि एका हातानेच गाल दाबले. दुसरा हात पदराला होताच. आप्पा पाठ करून उभे राहिले आणि भिंतीकडे बघत सूचना देत राहिले. काकीने त्यातली एकही ऐकली नाही.

त्याच आठवड्यात सामना होता. मी दातांवर मौतगार्ड चढवून चढाईला गेले आणि पंचाने शिट्टी वाजवली. मला कळेना. कुणी शिवलं नव्हतं, रेषा ओलांडली नव्हती. पंच म्हणाले की कबड्डी असा स्पष्ट उच्चार येत नाही. कबड्डीत चढाई करताना दम धरून सतत कबड्डी, कबड्डी म्हणावं लागतं, आणि ते पंचाला ऐकू यावं लागतं. माझ्या तोंडातून 'खबल्ली' निघत होतं. मला परत पाठवलं आणि समोरच्या संघाला गुण दिला. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. आमचे सर बाजूने ओरडले की ते काढून टाक. मी काढलं नाही. सरांना वाटलं मी हट्टी आहे. दादांची अट त्यांना कशी सांगणार? दात झाकले तर दम जातो, दम राखला तर दात उघडे पडतात. सरांनी मला बाहेर बसवलं आणि सांगितलं की आळेफाट्याच्या स्पर्धेपर्यंत उच्चार सुधारला नाही तर दुसरी मुलगी चढाईला जाईल.

हे आप्पांना सांगितल्यावर त्यांनी हॉटेलच शाळा करून टाकलं. मी कॉलेजातून आले की स्टँडवर उतरायचं, मौतगार्ड घालायचं आणि टेबलांमधून कबड्डी कबड्डी म्हणत फिरायचं. गिऱ्हाइकं पंच. ज्याला स्पष्ट ऐकू आलं त्याने चमचा ग्लासावर वाजवायचा. एक नगरकडचा ड्रायव्हर डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "ताई रबडी म्हणत्यात. असंल तर एक प्लेट द्या." चमचे वाजले ते त्याच्यासाठी.

आप्पांचं म्हणणं होतं की आवाज वाढव. काकी आतून म्हणाली की आवाजाचा काही दोष नाही, रबराची आतली कड जाड आहे, जिभेला टाळ्यावर जागाच नाही. आप्पा म्हणाले की कड कापली तर दात उघडा पडेल. काकी म्हणाली की कापायची ती आतली, टाळ्याकडची, दाताला तिचा काही आधार नाही. हे भांडण भजी तळता तळता कितीतरी दिवस चाललं. दोघं एकमेकांकडे न बघता भांडत होती. ते मला नेहमीचंच वाटलं, आमच्याकडे सगळेच नवराबायको असे भांडतात.

शेवटी काकीनेच लोकर कातरायची जुनी कातर काढली, ती आधी दातांच्या पातेल्यात उकळून घेतली आणि आतली कड हळूहळू उतरवली. मग मला शिकवलं. "जीभ वर आपट. ड्ड म्हण. हे बघ." आणि पदराआडून स्वतः म्हणाली, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." दम इतका लांब होता की मी बघतच राहिले. त्यात प्रत्येक वेळी एक बारीक शीळ येत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. मी विचारलं की काकी, तू खेळायचीस का. ती म्हणाली, भजी करपतील.

त्या दिवशी सगळे चमचे वाजले.

मौतगार्डची निगा हा आप्पांचा वेगळाच सोवळेपणा. वापरलं की गार पाण्याने धुवायचं, मऊ ब्रशने घासायचं, वारा लागेल अशा भोकाच्या डबीत ठेवायचं. गरम पाणी नको, ऊन नको, खेळ नसताना चघळणं नको. मी एकदा ते एस.टी.च्या खिडकीपाशी उन्हात ठेवलं आणि ते वाकडं झालं. पुन्हा पाणी, पुन्हा काकी. आप्पा मला एवढंच म्हणाले, "मेंढराला बी कुणी उन्हात बांधत न्हाई." आणि चहात साखर घातली नाही.

गावच्या पोरांवर भरवसा नाही म्हणून सगळ्या डब्या आप्पांकडेच असतात, खंडोबाच्या तसबिरीखालच्या फळीवर. मेंढरांना खूण करायच्या रंगाने प्रत्येक डबीवर पट्टा ओढलाय. लाल पोरांचा, माझा एकटीचा हिरवा. एका टोकाला एक डबी बिनरंगाची आहे. तिला कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी आप्पा पहिल्यांदा ती धुतात, मग खंडोबाला उदबत्ती. आम्हाला वाटायचं त्यात आप्पांचं स्वतःचं मौतगार्ड असेल. या वयात, ज्याला चढाई करताना धोतर सावरावं लागेल त्याचं. पोरं त्यावर खूप हसायची. मीही.

आळेफाट्याच्या स्पर्धेला आप्पांनी हॉटेल बंद ठेवलं. काकीला जीपमध्ये पुढे बसवलं. दादाही आले. माझा खेळ ते पहिल्यांदाच बघणार होते. खरं तर दात बघायला आले होते.

दम चांगला लागत होता. पंचाने एकदाही हटकलं नाही. दुसऱ्या डावात मी आत शिरले, एकीने माझा पाय धरला, मी पुढे पडले आणि दुसरीचा गुडघा माझ्या तोंडावर बसला. आवाज असा झाला की प्रेक्षक गप्प झाले. मला दुखलं नाही, फक्त तोंडात खारट लागलं. मॅटवर रक्ताचे थेंब पडले. मान वर केली तर दादा खुर्चीवरून उठलेले होते. त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलं होतं. कॉलेज, मंचर, एस.टी.चा पास, सगळं संपल्याचं.

आप्पा त्यांच्या आधी पोहोचले. गुडघ्यावर बसले. अंगठा पुढे आला आणि माझ्या हनुवटीपाशी थांबला. सगळं मैदान त्यांच्या त्या दोन शब्दांची वाट बघत होतं. आमच्या गावची पोरं, सर, दादा, मी. आप्पांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं हा माणूस रक्ताला भितो.

मागून काकी आली. तिने आप्पांना खांद्याने बाजूला सारलं, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला.

"उघड बघू, मने."

मी तोंड उघडलं. तिने मौतगार्ड काढलं, पदराच्या टोकाने रक्त पुसलं आणि एकेक दात बोटाने हलवून बघितला. ओठ आतून फाटला होता. दात सगळे जागेवर. काकी मान वळवून दादांना म्हणाली, "हायेत, समदे हायेत," आणि हसली. पदर खांद्यावर होता. तिच्या वरच्या ओळीत अगदी मधोमध एक दात नव्हता. ती आप्पांकडे वळायच्या आतच पदर पुन्हा ओठांवर गेला. आप्पा मॅटकडे बघत होते.

दादा वाकले, स्वतः माझ्या तोंडात डोकावले आणि सरळ झाले. "मंग बसलीस का," म्हणाले. "खेळ की."

मी खेळले. आम्ही हरलो, पण ते माझ्या दमामुळे नाही.

सामन्यानंतर काकी आणि मी मैदानामागच्या नळावर मौतगार्ड धूत होतो. मी विचारलं नाही, ती आपणहून बोलली.

"मी बी खेळायचे शाळंत. दगडावर पडले, दात गेला. मंग तुझं आप्पा मला बघायला आलं. पव्हं झालं, चहा झाला. कुणीतरी म्हणलं, पोराला काय इचारायचं असंल तर इचारू द्या. ह्यो माणूस सकाळीच बाजारातनं आल्याला. अंगठा म्होरं केला अन् म्हणला, उघड बघू."

मी हातातलं काम थांबवलं. "मग?"

"मंग काय, उघडलं. मला वाटलं, असंच इचारत असत्याल."

सगळी बैठक हसली म्हणे. तिचा स्वतःचा चुलता म्हणाला की जुळलेली नाही हो पाव्हणं, बघा बुवा. आप्पांनी मान खाली घातली आणि तिथेच होकार दिला. पण मान वर केली नाही. त्या दिवसापासून काकीने त्यांच्यापुढे पदराशिवाय तोंड उघडलं नाही आणि त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं नाही. इतका संसार झाला तो असाच, एकाची मान खाली आणि एकीचा पदर वर. मध्ये कधीतरी दाढ दुखते म्हणून आप्पा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि गुपचूप पुढच्या दाताचंही माप द्यायला लावलं. दात करून आला. आप्पांना तो तिच्या हातात देता आला नाही. डबी शेगडीपाशी ठेवली आणि गिऱ्हाईक बघायला निघून गेले.

"बिनरंगाची डबी," मी म्हणाले.

"तीच. मी म्हणलं, इचारल्याबिगर दात न्हाई घालायचा. ते इचारत न्हाईत, मी घालत न्हाई." काकीने मौतगार्ड झटकलं, उजेडात धरून बघितलं आणि हिरव्या पट्ट्याच्या डबीत ठेवलं. "पर धुत्यात मातुर रोज."

मी कॉलेजात केलेली नक्कल मला तिथे नळावर आठवली. अंगठा अर्धा उचलायचा आणि खाली घ्यायचा. ती मी हुबेहूब करते, असं सगळ्या म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना मी हॉटेलात डबी ठेवायला गेले. अजून गिऱ्हाईक नव्हतं. दोन्ही पातेली शेगडीवर होती. आप्पा बिनरंगाची डबी धूत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्यांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, पण फळीवर ठेवली नाही. आतल्या दाराकडे वळले. मी जागीच उभी राहिले. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"हौसा."

"काय?"

आप्पांनी डबी या हातातून त्या हातात घेतली. अंगठा डबीवर फिरत होता. मला वाटलं आता म्हणतील. त्यांनाही वाटलं असावं.

"चहा टाक," ते म्हणाले.

आतून काकीचा आवाज आला, "टाकते. पर कंच्या पाण्यात, चहाच्या का दातांच्या?"

आणि ती हसली. बराच वेळ हसत राहिली. पदर कुठे होता ते मला बाहेरून दिसत नव्हतं. आप्पांनाही दिसत नव्हतं. ते डबी हातात धरून तसेच उभे राहिले, ऐकत.